पुडीतले बी आणि पठारावरचे फूल

आमच्या घरी गौरी तेरड्याच्या. कोणाकडे त्या खड्यांच्या असतात, कोणाकडे मुखवट्यांच्या, लुगडे नेसवून उभ्या केलेल्या. आमच्याकडे मात्र भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर तेरड्याची फुललेली रोपे मुळांसकट उपटून आणायची, त्यांची जुडी बांधायची आणि तीच गौर म्हणून घरात घ्यायची असा कुळाचार आहे. मुळे तोडायची नाहीत, कारण ती गौरीची पावले. सातारच्या डोंगरउतारांवर श्रावणापासून तेरडा इतका दाटतो की तिकडे हा आचार पाळणे अगदी सोपे; मुलांच्या हाती टोपली देऊन गावाबाहेर धाडले की काम झाले. आमचे आजोबा १९३४ साली निजाम स्टेट रेल्वेच्या नोकरीनिमित्त हैदराबादेस आले आणि पुढे चिक्कडपल्लीत त्यांनी बिऱ्हाड थाटले, तेव्हा आजीपुढे उभा राहिलेला पहिला प्रश्न भाषेचा वा धान्याचा नव्हता, तेरड्याचा होता.

तो तिने आपल्या पद्धतीने सोडविला. माहेरून येताना जुन्या धोतराच्या चिंधीत तेरड्याचे बी बांधून आणले आणि मृग लागताच अंगणात हौदाच्या कडेला पेरले. बी रुजले, भाद्रपदात फुलले, आणि गौर आली. त्यानंतर दरवर्षी आजी काही रोपे बियांसाठी राखून ठेवी. बोंडे पिकली की बोट लागताच ती फुटून बी चहूकडे उडते, म्हणून ती पहाटे, दव असतानाच, पदरात बोंडे खुडून घेई. (या अधीर स्वभावावरूनच तेरड्याच्या कुळाला लॅटिनमध्ये ‘इम्पेशन्स’ असे नाव पडले आहे, हे आजीला कोणी सांगितले असते तर तिला ते पटले असते.) हे बी पुढे काचीगुडा, सुलतान बाजार आणि इसामिया बाजार येथील परिचित घरांतही गेले. आपल्यापैकी काही जुन्या कुटुंबांत ‘सातारची पुडी’ हा शब्द अजून ऐकू येतो, तो याच बियांचा.

ही कौटुंबिक आठवण येथे सांगण्याचे कारण गेल्या कोजागरीची बैठक. मंडळातील काही कुटुंबे त्या भाद्रपदात कासचे पठार पाहून आली होती. फुलांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली, वाहवा झाली, आणि दूध घेता घेता एका स्नेह्यांनी खिशातून कागदाच्या तीन पुड्या काढून आमच्या हाती ठेवल्या. “तुमच्या आजीबाईंनी तेरडा रुजविला, आता तुम्ही गच्चीवर कास करून दाखवा,” असे ते हसत म्हणाले. पुढच्या वर्षी अधिक बी आणून ते घरोघर वाटण्याची कल्पनाही तेथेच निघाली. आम्ही पुड्या घेतल्या, परंतु उत्तर दिले नाही. उत्तर लांबलचक होते, आणि कोजागरीचे दूध थंड होऊ लागले होते. ते आता देतो.

डोंगरपठारावरचे रानफूल बियांपासून बागेत वाढविता येईल काय, हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, १८२८ साली, पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पतिबाग सुरू झाली. महाबळेश्वरचे माल्कमपेठ वसविणारा तोच हा माल्कम. १८३८ पासून या बागेचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याकडे आला. जुन्नरजवळ हिवरे येथेही त्याने औषधी वनस्पतींची बाग राखली. पुढे तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. जंगलतोड आणि पाण्याची टंचाई यांचा परस्परसंबंध सरकारच्या कानी घालणाऱ्या आरंभीच्या अधिकाऱ्यांत त्याची गणना होते. दापोडीच्या बागेतील झाडाफुलांची चित्रे १८४७ ते १८५० या काळात काढली गेली. ती काढणारा चित्रकार बहुधा गोवेकर पोर्तुगीज घराण्यातला असावा. त्याचे नाव मात्र कोठेच उरले नाही. चित्रे आज एडिंबरोच्या राजोद्यानात सुरक्षित आहेत.

या बागेचा उद्देश उपयुक्त वनस्पती वाढविणे हा होता. औषधे, इमारती लाकूड, फळे, भाज्या यांची बी-रोपे जहाजातून येत आणि इलाख्यात वाटली जात. थंड हवेच्या ठिकाणी साहेबांच्या बंगल्यांभोवती विलायती फुलांचे वाफे सजू लागले. डोंगरावरची फुलेही साहेबांच्या नजरेतून सुटली नाहीत, परंतु त्यांचा प्रवास उलट दिशेने झाला. विलायतेचे बी डोंगरावर चढले, आणि डोंगरावरचे फूल टीपकागदात दाबून, वाळवून विलायतेला गेले. बी आले ते जिवंत, फूल गेले ते मेलेले. या देवघेवीतला हा फरक आमच्या मते फार महत्त्वाचा आहे.

फुले गोळा करणारे हे लोक बहुतांशी आमच्यासारखेच सरकारी नोकर होते, म्हणून त्यांच्याविषयी आम्हांस थोडी आपुलकी वाटते. जॉन ग्रॅहम हा मुंबईच्या टपालखात्यातला अधिकारी. त्याने मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची तयार केली. ती छापून पुरी होण्याआधीच १८३९ साली तो खंडाळ्यास वारला आणि उरलेले काम निम्मो याने केले. पठारे पिवळी करून टाकणाऱ्या सोनकीच्या एका जातीच्या जुन्या शास्त्रीय नावात हा ग्रॅहम आहे. जॉन सदरलंड लॉ हा मुलकी अधिकारी. कातळावर उगवणाऱ्या जरडी तेरड्याला त्याचे नाव मिळाले आहे, आणि हरिश्चंद्रगडाच्या एका कंदीलपुष्पालाही. निकोल डाल्झेल हा गिब्सननंतरचा वनसंरक्षक. त्या दोघांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ साली निघाला. अलेक्झांडर नेर्न हा महसुली कामात आयुष्य घालविलेला गृहस्थ. १८९४ साली त्याने पश्चिम हिंदुस्थानातील फुलझाडांवर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले. आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर क्यू येथे बसून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो महाग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला, त्यावाचून आजही अभ्यासकाचे पान हलत नाही.

आम्हीही महसूल खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ दौरे केले. विकाराबाद, जहीराबादकडच्या जांभ्याच्या माळांवर पंचनाम्यासाठी उन्हात उभे राहिलो, परंतु पायाखाली काय फुलले आहे ते वाकून पाहिले नाही. त्या साहेबांच्या राज्यकारभाराविषयी आमचे मत काहीही असो, वाकून पाहण्याची त्यांची सवय घेण्यासारखी होती. अर्थात त्यांच्याबरोबर वाट दाखवायला, कडा चढायला, स्थानिक नाव सांगायला जे कोणी गेले असतील त्यांची नावे बहुधा ग्रंथात नाहीत. पुण्याच्या कृषी खात्यातील रा. कृ. भिडे यांच्यासारखा एखादाच अपवाद. त्यांचे नाव गवताच्या एका वंशालाच दिले गेले, ‘भिडिया’. सह्याद्रीच्या पठारावर एक गवत भिडे या आडनावाने वाऱ्यावर डुलते, ही कल्पना आम्हांस सुखावते.

परंतु या सर्व ग्रंथांत पानांचा आकार, पाकळ्यांची संख्या, फुलण्याचा महिना, सापडण्याचे ठिकाण मिळते. बी कसे रुजवावे हे मिळत नाही. ते त्यांचे प्रयोजनच नव्हते. परिणाम असा की नावानिशी ओळखले गेलेले हे फूल बागेला शतकभर परकेच राहिले. मेक्सिकोचा झेंडू आपल्या दसऱ्याचा मानकरी होऊन बसला, झिनिया आणि कॉसमॉस चिक्कडपल्लीच्या कुंड्यांतून फुलू लागले, आणि सातारच्या माथ्यावरची सोनकी सातारच्या एखाद्या परसात पेरलेली आम्ही तरी कधी पाहिली नाही.

याचे कारण आम्हांस पुस्तकातून नव्हे, फजितीतून कळले. १९८६ सालच्या ऑक्टोबरात, नोकरीला लागून दोनच वर्षे झाली असता, आम्ही प्रथम कासला गेलो. त्या वेळी तेथे तिकीट नव्हते, वाहनांची रांग नव्हती. फुलांचा बहर ओसरला होता, आणि सुकलेल्या देठांवर बी तयार होते. हात फिरविला की मुठीत येत होते. आम्ही रुमाल पसरला. परतताना यवतेश्वराच्या घाटात शेताच्या बांधावरूनही दोन-चार तुरे ओरबाडले. राखीव वनातून परवानगीवाचून वनस्पतीचा कोणताही भाग नेणे १९२७ च्या वन कायद्याने निषिद्ध आहे, हे त्या नव्या अधिकाऱ्यास ठाऊक असायला हवे होते. ते ठाऊक होतेही, पण फुलाच्या बाबतीत कायदा आठवला नाही, एवढेच.

घरी येऊन आम्ही सहा कुंड्या मांडल्या. उत्तम पोयटा घातला, अर्धे शेणखत मिसळले, आणि मृगाची वाटही न पाहता फेब्रुवारीतच बी पेरून रोज पाणी घालू लागलो. काही उगवले नाही. पाणी घालीत राहिलो. उन्हाळ्यात कुंड्यांवर हिरवे शेवाळ धरले. जुलैत अखेर हिरवळ दिसली. ते गवत होते. त्या गवतात तेरड्याची काही रोपे, सोनकीची तीन आणि गुलाबी-पांढऱ्या तुऱ्याचे एक झाड एवढेच हाती लागले. सोनकी हातभर उंच वाढली, पाने भरघोस, फूल एकही नाही. मग एका पावसाळी आठवड्यात बुडाशी कुजून ती आडवी झाली. बाकी जे काही रुमालात आले होते, त्याचा मागमूस लागला नाही. आजी तेव्हा हयात होती. ती कुंड्यांकडे पाहून म्हणाली, “एवढं खायला घातलंस, मग ते फुलेल कशाला?”

आजीच्या त्या वाक्यात निम्मे शास्त्र होते. कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे आणि त्याचा माथा जांभ्याच्या कातळाचा आहे. त्या कातळावर माती अशी फारशी नाहीच. कोठे बोटभर, कोठे खळग्यात थोडी अधिक. पावसाळ्याचे चार महिने तिच्यावरून पाणी वाहते आणि खतावळ धुऊन नेते. अशा भुकेल्या जमिनीत मोठी झाडे, दांडगी गवते जगू शकत नाहीत. म्हणूनच बारीक फुलांना तेथे जागा मिळते. काहींनी तर अन्नाची सोय भलतीकडेच केली आहे. ज्यांचे निळे-जांभळे गालिचे पाहायला लोक जातात ती सीतेची आसवे पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातात, आणि दवबिंदू नावाची चिमुकली वनस्पती चिकट केसांवर किडे धरते. अशांना शेणखत म्हणजे मेजवानी नव्हे, विषबाधा. इंग्लंडात रानफुलांची कुरणे नव्याने वसविणारे लोक पेरणीपूर्वी वरची सकस माती खरवडून बाजूला काढतात, हे आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचले, तेव्हा आमच्या सहा कुंड्या आठवल्या.

उरलेले निम्मे शास्त्र काळाचे आहे. युरोपात आल्प्सच्या माथ्यावरची फुले बागेत आणण्याचे वेड विसाव्या शतकाच्या आरंभी फार पसरले. यॉर्कशरचा रेजिनल्ड फॅरर हा त्या वेडाचा आचार्य. त्याने बंदुकीत काडतुसाबरोबर बी भरून ते कड्यावर झाडले, अशी आख्यायिका आहे. त्या मंडळींना लवकरच कळून चुकले की आल्प्सचे बी पेरताच उगवत नाही. त्याला आधी कित्येक आठवडे बर्फाची थंडी सोसावी लागते, मग ते जागे होते. हिवाळ्याच्या तोंडी उगवून गारठून मरू नये म्हणून निसर्गाने घातलेले हे कुलूप. आपल्या सह्याद्रीत बर्फ नाही, परंतु कुलूप आहे. येथे बी गळते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि पुढे सहा-सात महिने तापणाऱ्या कातळावर कोरडे पडून राहते. मधल्या अवकाळी सरीने ते फसले तर त्या रोपाचा नाश ठरलेला. म्हणून उन्हाळा अंगावर घेतल्यावाचून ते सहसा डोळा उघडीत नाही. आम्ही फेब्रुवारीपासून त्याला पाणी पाजून त्याचा उन्हाळाच हिरावून घेतला होता. आजीची चिंधी मात्र वैशाखभर माळ्यावर पत्र्याखाली लटकलेली असे. हे तिने कोठे वाचले नव्हते.

कारवीची तऱ्हा आणखी निराळी. ती सात-आठ वर्षे नुसती वाढते, एकदाच फुलते आणि मरते. तिची सुकी बोंडे पुढच्या पावसाच्या पहिल्या थेंबांनी तडतडून फुटतात. कुंडीत तिचा खेळ पाहायचा तर माणसाजवळ धीर हवा. आणि आमरी, म्हणजे पठारावरच्या भुईतली ऑर्किडे, ती तर बहुतेकांच्या हातून रुजणारच नाहीत. त्यांचे बी धुळीसारखे. त्यात कोंबासाठी शिदोरीच नसते. जमिनीतली विशिष्ट बुरशी जेव्हा त्या बीजात शिरून त्याला भरविते तेव्हाच ते वाढते, हे नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने १८९९ साली दाखविले. आमरीचे बी आणले आणि तिची दाई मागे राहिली, असा हा प्रकार. ज्या स्नेह्यांनी आम्हांस पुड्या दिल्या त्यांतील एका पुडीत बी नव्हतेच, पिवळसर भुकटी होती. ती आमरीची असावी. एका बोंडातून अशी हजारो बीजे उडतात आणि त्यातले एखादेच त्या कातळावर तग धरते. तेही आता नामपल्ली स्थानकावर उतरून आले.

मग कोणाला हे साधले की नाही? साधले. परंतु ज्यांना साधले त्यांची दिशा आपल्या पुड्यांच्या अगदी उलट होती.

डाल्झेलला हिवऱ्याजवळच्या खडकांवर एक मांसल देठांची, तांबूस तारेसारख्या फुलांची वनस्पती सापडली. १८६५ साली प्रसिद्ध करताना त्याने तिला तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याचे नाव दिले: ‘फ्रेरिया’. आपले लोक तिला शिंदळ माकडी म्हणतात. पावसात तिला पाने येतात, उन्हाळ्यात ती नुसत्या देठांवर कड्याला चिकटून राहते. जगात ती महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवरच आहे. शिवनेरी, सज्जनगड ही त्यातली आपल्याला जवळची नावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १९८४ साली, आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने जगातील अत्यंत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींत तिचा समावेश केला. पुण्यात १९५५ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ स्थापन झाले होते. तेथील शास्त्रज्ञांनी तिची रोपे बागेत वाढविली आणि ती पुन्हा गडांच्या कड्यांवर नेऊन लावली. ज्या वनस्पतीचा वाळलेला नमुना एकेकाळी सातासमुद्रापार गेला, तिचे जिवंत रोप शिवरायांच्या जन्मगडावर परत गेले. इतिहासात अशा परतीच्या नोंदी थोड्या असतात.

याहूनही मोठे काम कंदीलपुष्पांचे. खर्पुडी म्हणूनही त्यांतल्या काही ओळखल्या जातात. भारतात या वंशाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा सह्याद्रीवाचून अन्यत्र नाहीत. फूल खरोखरच कंदिलासारखे. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोके जुळलेली. बारीक माश्या गंधाने आत शिरतात, नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकतात, आणि केस सुकले की पराग घेऊन सुटतात. पुढे जोडशिंगांसारख्या शेंगा येतात आणि रेशमी केसांचा झुबका असलेले बी वाऱ्यावर निघते. यात वाया जाणे फार. बऱ्याच फुलांना शेंग धरत नाही. धरली तर गुरे खातात. जमिनीतला कंद गुराख्यांची पोरे, साळिंदर आणि रानडुकरे सगळ्यांनाच आवडतो. म. युसूफ अन्सारी यांनी पुण्यात राहून या वंशाचा कसून अभ्यास केला आणि कित्येक नव्या जाती शास्त्राच्या नजरेस आणल्या. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या दुर्मिळ जाती विद्यापीठाच्या उद्यानात जमविल्या, बियांपासून व कंदांपासून त्यांची संख्या वाढविली आणि रोपे त्या त्या जातीच्या मूळच्या डोंगरांवर नेऊन लावली. सातारच्या पठारावरील डबक्यांत इंग्रजी ‘वाय’सारखा दुहेरी तुरा काढणारा वायतुरा १९८२ साली प्रथम शास्त्रात नोंदला गेला, त्या नोंदीतही यादवांचे नाव आहे. त्यापूर्वी कुकसाहेबांच्या वाटेवरून कित्येक वर्षे माणसे जात होती, आणि वायतुरा तेथेच पाण्यात उभा होता.

या कामात बाग हे मुक्कामाचे ठिकाण नसते, धर्मशाळा असते, असे आम्हांस वाटते. बी थोडे घ्यायचे, अभ्यासकाने, परवानगीने, वाढवायचे, आणि जेथले तेथे पोचवायचे. यातही डोंगरावर पुढे काय होते याची खात्री नसते. पश्चिम घाटातील ३९ स्थळांबरोबर कासचे नाव २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि गर्दी लोटली. फुले तुडविली जाऊ नयेत म्हणून तारेचे कुंपण आले, गुरे चरायची थांबली. सद्हेतूने केलेले हे काम. पण काही वर्षांतच अभ्यासक म्हणू लागले की चराई थांबल्याने गवत वाढते आणि त्याच्या सावलीत बुटकी फुले मरतात, गुरांच्या खुरांनी आणि तोंडांनीच ते पठार इतकी शतके मोकळे राखले होते. वाद पुष्कळ झाला. आम्ही एवढेच पाहिले की आमच्या कुंडीत गवताने जे केले तेच ते पठारावरही करू पाहत होते.

आता पुन्हा चिक्कडपल्लीकडे येऊ. त्या पेरणीत जे एक गुलाबी-पांढऱ्या तुऱ्याचे झाड उगवले होते, ते घाटातल्या बांधावरचे. सातारचे म्हणून आम्ही त्याचे फार कौतुक केले. त्या वर्षी पितृपक्षाच्या अखेरीस शेजारच्या अम्मा गच्चीवर वाळवण घालायला आल्या, त्यांनी ते पाहिले आणि विचारले, “हे गुनुगू तुम्ही कुंडीत कशाला लावलेत?” सातारचे ते कुरडू म्हणजेच तेलंगणाचे गुनुगू. ज्वारीच्या शेतात, पडीक माळावर ते दोन्हीकडे आपोआप उगवते. महालय अमावास्येपासून नऊ दिवस येथल्या स्त्रिया ज्या बतुकम्मा रचतात, तिच्या थरांत गुनुगू आणि पिवळा तंगेडू यांचा मान पहिला. तंगेडू म्हणजे आपला तरवड. २०१४ साली नवे राज्य झाले तेव्हा तो राज्यपुष्प ठरला. गौरीसाठी रानातला तेरडा आणि बतुकम्मेसाठी रानातले गुनुगू, दोन्ही व्रते रानफुलावाचून अडतात. आम्ही पन्नास वर्षे शेजारी राहत होतो आणि हे आमच्या ध्यानात आले नव्हते. शेतात तणनाशके आल्यापासून गुनुगूही दुरून आणावे लागते. त्यागराय गानसभेच्या बाजूला पदपथावर त्या दिवसांत जुड्या विकायला बसतात, आणि त्यांची किंमत दरवर्षी चढत असते.

आजीच्या तेरड्याचे काय झाले तेही सांगायला हवे. १९७५ च्या सुमारास तिच्या वाफ्यात एकेरी फुलांऐवजी गुलाबासारखी दुहेरी फुले दिसू लागली. शेजाऱ्यांच्या अंगणात बाजारातून आणलेली गुलमेहंदी होती. ती बागेत पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेली तेरड्याचीच बहीण. मधमाश्यांना कुळाचार ठाऊक नसतो. आजी खिन्न झाली. दुहेरी फुलाची गौर चालते की नाही, हे तिने गुरुजींना विचारले. ते म्हणाले, मुळे आहेत ना, मग चालते. तेव्हा ज्या घरांत अद्याप ‘सातारची पुडी’ जपली जाते त्यांनी हे जाणून असावे की तिच्यातला सातारा आता थोडाच उरला आहे; बाकीचे बी हैदराबादचे आहे. ते येथे चांगले रुजते. आमच्या गच्चीवर ते अजून आहे, हवे असेल त्यांनी ज्येष्ठात येऊन घेऊन जावे.

कासच्या तीन पुड्या मात्र आम्ही पेरल्या नाहीत. त्या जाणत्या हाती पडाव्यात म्हणून सातारला वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या एका नातेवाइकांकडे पाठविल्या आणि घडले ते स्पष्ट लिहून कळविले. त्यांचे उत्तर दोनच ओळींचे आले. मिश्र बी कोणत्या जागेचे हे ठाऊक नसल्याने ते परत पठारावर टाकता येत नाही, तसे करणे धोक्याचे. पुढच्या वेळी पाहुण्यांना हात खिशात ठेवायला सांगा.

गेल्या वर्षी महालय अमावास्येच्या सकाळी अम्मांची पणती परडी घेऊन गच्चीवर आली. “तातय्या, गुनुगू पूलू उन्नाया?” त्या पेरणीनंतर ते कुरडू आम्ही कधी पेरले नाही, ते आपल्या आपण कुंड्यांतून, गच्चीच्या फटींतून उगवते. आम्ही तिला कात्री दिली. तिने भराभर तुरे कापले. जे चार जून झाले होते, बी धरलेले, ते तेवढे राहू दे म्हणून सांगितले.